क्रँकचं शेवटचं माप

‘मिस्त्री, गाडी शोरूममधून आल्यासारखी करून द्या,’ असं गुऱ्हाळाचे मालक म्हणाले आणि मी नुसतं ‘बघू’ म्हणालो. तेव्हाच सांगायला हवं होतं की ही गाडी शोरूममधून आलेलीच नाही. १९६१ साली ट्रक म्हणून जे विकलं जायचं ती नुसती चॅसी असायची. लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या, त्यांवर इंजिन, खाली चाकं, पुढं बोनेट आणि काऊल. केबिन नाही, हौदा नाही, फाळका नाही. जमशेदपूरहून ड्रायव्हर ती चॅसी उघड्यावर बसून, डोक्याला फडकं गुंडाळून, ऊन-पाऊस अंगावर घेत हाणत आणायचा. मग इथल्या सुतारानं तिच्यावर सागवानी सांगाडा उभा करायचा, पत्रेवाल्यानं पत्रा मारायचा, पेंटरनं फुलं काढायची. गाडी कोरी होती तेव्हासुद्धा निम्मी कोल्हापुरातच घडलेली होती.

गाडी टाटा-मर्सिडीज-बेंझ, मॉडेल ३१२. टेल्को आणि जर्मनीची डाइमलर-बेंझ यांचा करार १९५४ साली झाला, पंधरा वर्षांचा. त्याच वर्षी जमशेदपूरला पहिला ट्रक बाहेर पडला. करार १९६९ मध्ये संपला आणि नाकावरची तीन टोकांची चांदणी जाऊन तिथं टाटांचा ‘टी’ आला. चांदणी दिसली की गाडी एकोणसत्तरच्या आधीची, हा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब. ह्या गाडीची चांदणी जागेवर होती. तेवढीच चकाकत होती, कारण गुऱ्हाळावरची पोरं येता-जाता तिला हात लावून जायची. बाकी सगळी गाडी चिपाडाच्या ढिगाखाली.

गाडी नवी करायचं खूळ मालकांच्या डोक्यात आलं ते त्यांच्या पुतण्यामुळं. तो अमेरिकेत असतो. त्यानं तिकडच्या जुन्या ट्रकांच्या जत्रेचे व्हिडिओ पाठवले. आपण ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ‘घोडा’ म्हणतो, तसले तिकडचे घोडे. एक मॅक बी-६१ होता. १९५३ ते १९६६ ह्या काळात निघालेलं मॉडेल, म्हणजे आपल्या गाडीच्याच वयाचं. बोनेटच्या टोकावर बुलडॉगचं पितळी वाटावं असं चकचकीत शिल्प, उभा सायलेन्सर आरशासारखा, आणि त्याचा मालक आपल्या मुलाच्या लग्नात उभा राहावा तसा शेजारी उभा. तिकडं १९७१ पासून जुन्या ट्रकांचा इतिहास जपणारी संस्थासुद्धा आहे. मालक मला मोबाइल दाखवत म्हणाले, ‘अशी करा.’ मी म्हटलं, ‘मालक, ह्याला क्रोम आहे. आपल्या गाडीला कधीच क्रोम नव्हतं.’ ते म्हणाले, ‘मग लावू की!’

त्यांच्या वडिलांनी ह्या गाडीवर गुळाचा धंदा केला. शाहूपुरीतून गुळाचे रवे भरून गुजरातेत जायचं, येताना मिळेल तो माल आणायचा. तीन बहिणींची लग्नं ह्याच गाडीच्या भाड्यावर झाली, असं मालक सांगतात. कागदावर जेवढं वजन लिहिलेलं असे त्यापेक्षा दोन-तीन टन जास्त भरूनच गाडी खंबाटकी आणि कात्रज चढायची, हेही तेच सांगतात, आणि तेही अभिमानानं. ती अभिमानाची गोष्ट नाही. मला चॅसीत त्या दोन-तीन टनांच्या खुणा मोजता येत होत्या.

गाडी उद्यमनगरात आणली ती क्रेननं उचलून, ट्रेलरवर टाकून. इंजिन जाम होतं. सायलेन्सर गळून पडलेला, मॅनिफोल्डचं तोंड उघडं, त्यातून किती पावसाळे आत गेले कुणास ठाऊक. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतलं आणि विसरून गेलो. म्हणजे विसरल्यासारखं केलं. घाईनं टॉमी लावून फ्लायव्हील फिरवलं की रिंगा मोडतात, पिस्टनचा काठ उडतो. हेल्पर रोज विचारायचा, ‘आज बघू का, काका?’ मी रोज नको म्हणायचो. अकराव्या दिवशी फ्लायव्हील दोन दात हललं. दोन दात पुढं, दोन दात मागं. त्या दिवशी मी पोराला वडा-पाव खायला घातला आणि काम बंद केलं.

इंजिन उतरवलं आणि मगच नीट पाहिलं. ३१२ मॉडेलला कंपनीचं मूळ इंजिन होतं ओएम ३१२. सहा सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, ४.५८ लिटर, आणि डिझेल आधी एका लहान कोठडीत पेटवून मग सिलिंडरमध्ये सोडणारी रचना. त्याला सकाळी हीटर लावावा लागायचा. जुने ड्रायव्हर सांगतात की हीटर लावला की एक बिडी ओढायची, बिडी संपली की सेल्फ मारायचा. पण हे इंजिन ते नव्हतंच. हे होतं टाटांचं ६९२. ह्या आकड्यातच त्याची कुंडली आहे. सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटरचा बोअर. हीटर नाही, डिझेल थेट सिलिंडरमध्ये. आरसी बुक काढायला लावलं. पिवळं पडलेलं, घडीवर फाटलेलं, पण नोंद होती : १९७९ साली इंजिन बदललं.

मालकांचं तोंड उतरलं. ‘म्हणजे गाडी ओरिजिनल नाही?’

मी बोलायला थोडा वेळ घेतला, कारण प्रश्न सोपा नव्हता. जुन्या मोटारी जपणाऱ्या लोकांत ‘ओरिजिनल’ हा शब्द पवित्र असतो. इंजिन नंबर, चॅसी नंबर जुळले पाहिजेत, रंग कंपनीच्या यादीतला पाहिजे. मोटारीच्या बाबतीत हे जमतं, कारण ती घरात उभी राहते, रविवारी फिरायला जाते. ट्रक घरात उभा राहिला तर मालक उपाशी मरतो. तो रस्त्यातच मोडतो आणि रस्त्यातच दुरुस्त होतो, जे मिळेल त्यानं आणि जो भेटेल त्याच्याकडून. अठरा वर्षं गूळ ओढलेल्या ट्रकमध्ये कंपनीचं इंजिन सापडलं असतं तर मला उलट शंका आली असती की हा नुसता उभाच होता.

‘मालक, तुमच्या वडिलांनी घातलेलं इंजिन आहे हे. त्याहून ओरिजिनल काय पाहिजे?’ मी म्हटलं. त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही, पण क्रोमचा विषय त्यानंतर निघाला नाही.

ज्यानं ते इंजिन बसवलं त्या मिस्त्रीला मी ओळखत नाही. तो असला तरी आता ऐंशीच्या पुढं असेल. पण चार महिने मी त्याच्याबरोबरच काम केलं म्हणायला हरकत नाही. त्याचा हात जागोजागी भेटत होता. बेअरिंगच्या कॅपांवर छिन्नीनं मारलेल्या रेघा : एक, दोन, तीन, म्हणजे कॅप उलटसुलट बसू नयेत. एका बुशच्या जागी पितळेचा बुश, लेथवर काढलेला, आणि त्यात ग्रीससाठी कोरलेली नागमोडी खाच. मागच्या पाट्याच्या हँगरपाशी उजव्या चॅसीला चीर गेली होती, ती वेल्डिंग करून वर पट्टी मारलेली. ही पट्टी पाहून मी खाली बसलो. पट्टी चौकोनी नव्हती, शंकरपाळ्याच्या आकाराची होती. चौकोनी पट्टी मारली की तिच्या कडेची वेल्डिंगची रेघ चॅसीला उभी छेद देते आणि पुढची चीर नेमकी तिथूनच सुटते. टोकदार पट्टीत ताण तिरका वाटला जातो. हे पुस्तकात आहे. पण त्या माणसानं पुस्तक वाचलं नसावं. त्यानं चौकोनी पट्ट्यांच्या कडेनं तुटलेल्या चॅसी पाहिल्या असाव्यात.

मालकांना ती पट्टी नको होती. ‘ग्राइंडर मारून सपाट करा, दिसायला वाईट दिसतं.’ मी नाही म्हटलं. सरळ नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या पट्टीनं गाडी धरून ठेवली, तिला मी हात लावणार नाही, तुम्हाला दुसरा मिस्त्री बघायचा असला तर बघा. जरा जास्तच बोललो. त्यांनी दुसरा मिस्त्री बघितला नाही, पण आठवडाभर गॅरेजकडं फिरकलेही नाहीत.

तरी सगळंच जुनं जपण्यासारखं असतं असं नाही. जुगाडाचं कौतुक करायची आता फॅशन आली आहे. ज्यांना त्या जुगाडावर घाट उतरायचा नसतो ते करतात. ह्याच गाडीत ब्रेकच्या नळीला एका ठिकाणी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून तारेनं आवळला होता. डिझेलच्या टाकीची चीर साबणानं बुजवली होती. स्टीअरिंगच्या एका सांध्यात कॉटर पिनच्या जागी खिळा. हे सगळं मी काढलं, आणि काढताना तोंडातून जे यायचं ते आलं. शंकरपाळ्याची पट्टी एका कारागिराची होती, हा खिळा कुणा आळशाचा. दोघंही कदाचित एकच माणूस असेल, पहिलं काम सकाळचं आणि दुसरं रात्री दोनचं.

क्रँक मात्र काळजीचा विषय होता. क्रँक घासला, झिजला की तो ग्राइंड करून थोडा बारीक करतात आणि त्या मापाची जाड बेअरिंगं घालतात. मापं ठरलेली. पाव मिलिमीटर, अर्धा, पाऊण, एक. एकाच्या पुढं बेअरिंग मिळत नाही. मायक्रोमीटर लावला तर हा क्रँक पाऊणवर आधीच गेलेला, आणि दोन जर्नलवर नखाला लागेल असे ओरखडे. म्हणजे एकच माप शिल्लक. जुन्या बाजारात दुसरा क्रँक शोधू, असं मी मालकांना म्हणालो, आणि दोन आठवडे शोधलाही. मिळाले ते ह्याच्याहून वाईट, एकाला तर बारीक तडा होता. शेवटी उद्यमनगरातल्या ग्राइंडिंगवाल्याकडं हाच दिला. हे आमच्या उद्यमनगरचं भाग्य आहे. एका हाकेच्या अंतरावर फौंड्री, लेथ, ग्राइंडिंग, बोअरिंग सगळं मिळतं. शेतीच्या ऑइल इंजिनांनी हा भाग उभा केला आणि त्या इंजिनांवर हात बसलेली माणसं अजून आहेत. ग्राइंडिंगवाल्यानं क्रँक परत देताना एवढंच म्हटलं, ‘ह्याला आता जपून चालवा.’

मशीनची कामं झाली आणि खरा घोटाळा मी स्वतः केला.

ह्या इंजिनाच्या पंपाला व्हॅक्यूमवर चालणारा गव्हर्नर आहे. लोकांना वाटतं ॲक्सिलरेटर दाबला की डिझेल वाढतं. ह्यात पाय उघडतो ती मॅनिफोल्डच्या तोंडातली झडप, म्हणजे हवा. झडप मिटलेली असली की आत ओढ तयार होते. ती ओढ एका बारीक नळीनं पंपाच्या पाठीमागच्या डायफ्रामपर्यंत जाते आणि डायफ्राम पंपाचा रॅक मागं खेचून डिझेल कमी ठेवतो. पलीकडून एक स्प्रिंग रॅकला सतत पुढं ढकलत असते. हा डायफ्राम चामड्याचा असतो. चामडं गळकं झालं की स्प्रिंग जिंकते, आणि इंजिनाला डिझेल पूर्ण.

आमच्या पंपातलं चामडं पापडासारखं झालेलं. म्हणून मी चप्पल लाइनमधल्या ओळखीच्या कारागिराकडं गेलो. कोल्हापुरी चपलेचं कातडं जाड, ते चालणार नव्हतं. त्यानं शेळीचं पातळ कातडं काढलं, जुन्या तुकड्यावर ठेवून बेतलं, भोकं पाडली. सुंदर काम. मी ते आणलं, लगेच बसवलं. पंपाची वायर, स्टॉपची केबल लावायची बाकी होती. म्हटलं, एकदा सुरू तर होतंय का बघू.

सुरू झालं. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत काळा धूर, ठोके, मग सहाही सिलिंडर लागले, आणि आवाज चढायला लागला. चढतच राहिला. इंजिन स्टँडवर बांधलेलं, तो स्टँड फरशीवर सरकायला लागला. पोरगा ओरडत बाहेर पळाला, ते त्यानं बरोबर केलं. स्टॉपचा लिव्हर माझ्या पलीकडच्या बाजूला, तिथं फॅन. हाताशी एक पोतं होतं, ते गोळा करून मॅनिफोल्डच्या तोंडात दाबलं आणि अंगाचा भार दिला. इंजिनानं पोतं आत ओढलं, मला वाटलं हातही जातोय. मग एक घुसमटलेला आवाज आला आणि बंद पडलं. ह्यात अर्धं मिनिटही गेलं नसेल. मी फरशीवर बसलो ते चहा येईपर्यंत उठलो नाही. शेवटच्या मापावर आलेला क्रँक, आणि मी त्याला पहिल्याच दिवशी असा पळवला.

चूक माझी होती. कोरडं चामडं म्हणजे चाळणी, त्यातून हवा पार होते. संध्याकाळी कारागिराकडं गेलो तर तोच मला रागावला. ‘मिस्त्री, नवी चप्पलसुद्धा माणूस तेल लावल्याशिवाय पायात घालत नाही, आणि तुम्ही यंत्रात घातलंत?’ दुसरा तुकडा त्यानं बेतून दिला, रात्रभर तेलात ठेवला. बेअरिंगं उघडून पाहिली, शाबूत होती. मग सगळं पुन्हा बांधलं, स्टॉपची केबल आधी लावली, आणि इंजिन सुरू केलं तेव्हा ते शिवणयंत्रासारखं तालात बसलं. पंधरा मिनिटं कुणी काही बोललं नाही.

केबिनचं काम सुतारानं केलं, त्यात मला सांगण्यासारखं फार नाही. सांगाड्याचं खालचं लाकूड कुजलेलं, वरचं सागवान अजून खणखणीत. रंग खरवडताना थरावर थर निघाले. निळा, त्याखाली लाल, त्याखाली हिरवा, तळाशी विटकरी. पेंटर म्हणाला, कुठला लावू? मालकांनी निळा सांगितला, त्यांच्या लहानपणी निळा होता. मागच्या फाळक्यावर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायचं की नाही यावर वाद झाला. उगाच हॉर्न वाजवायला प्रोत्साहन मिळतं म्हणून महाराष्ट्रात ह्या शब्दांवर २०१५ मध्ये बंदी आली आहे. ‘गाडी रस्त्यावर जाणारच नाही तर लिहा की,’ असं मी म्हटलं आणि सगळे गप्प झाले, कारण तोवर हे कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

ते खरंच होतं. केंद्रानं २०२१ साली विंटेज गाड्यांचे नियम केले. पन्नास वर्षांच्या पुढची गाडी, वेगळी ‘व्हीए’ मालिका, वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची नोंदणी. मालकांनी कात्रण जपून ठेवलं होतं. पण नियमात बसतात त्या दुचाकी आणि माणसं वाहणाऱ्या मोटारी. माल वाहणारी गाडी त्यात नाही. म्हणजे ट्रक पन्नास वर्षांचा होवो नाहीतर शंभर, कायद्याच्या नजरेत तो म्हातारा होतो, विंटेज होत नाही. रस्त्यावर न्यायचा तर धंद्याच्या गाडीसारखं पासिंग करून घ्या. मला कायद्याचा राग आला नाही. हौसेच्या ट्रकाचा विचार कुणाच्या डोक्यात कशाला येईल? आपल्याकडं ट्रकाची हौस करायची असते हेच कुणाला ठाऊक नाही.

गाडी गुऱ्हाळावर परत गेली ती दुसऱ्या ट्रेलरवर चढून, आली होती तशीच. फरक एवढाच की उतरताना ती स्वतःच्या पायानं उतरली.

उतरवायला आबा बसले होते. आबा म्हणजे मालकांच्या वडिलांचे ड्रायव्हर, आता डोळ्यांना कमी दिसतं. मालकांच्या मुलानं आधी हात दिला, त्यांनी तो बाजूला केला आणि एक पाय चाकाच्या नटावर ठेवून वर चढले. हात गियरच्या दांडीवर गेला आणि थांबला. ‘मूठ बदललीसा व्हय?’ नवी काळी मूठ मी हौसेनं घातली होती. जुनी झिजून एका बाजूनं सपाट झालेली, भंगाराच्या टबात होती. आबा पुढं काही बोलले नाहीत. डबल क्लच मारून गाडी फळ्यांवरून उतरवली, एकदाही गियर किरकिरला नाही. दुसऱ्या दिवशी मी टब उपसला.

आता गाडी शेतातल्या शेतात फिरते. हंगामात मालकांच्याच रानातून त्यांच्याच गुऱ्हाळापर्यंत ऊस आणते, दिवसाला एक-दोन खेपा. मी हट्टानं तसं करायला लावलंय. उभी गाडी लवकर मरते. सील सुकतात, टाकीत पाणी धरतं, ब्रेकचे सिलिंडर जाम होतात, टायर एका जागी चपटे होतात. नुसतं इंजिन सुरू करून पाच मिनिटांत बंद करणं तर त्याहून वाईट, ऑइल तापतच नाही आणि आतला ओलावा तसाच राहतो. म्हणून हंगाम नसला की दर शनिवारी अर्धा तास, तोही वजन घालून. ग्रीसचे निप्पल मोजून मारायचे, एकही चुकवायचा नाही. डायफ्रामला तेल. पंक्चर झालं तर चाक सरळ हवेच्या पंपाला जोडायचं नाही. ह्या रिमांना लॉक रिंग असते, नीट न बसलेली रिंग हवा भरताना उडाली तर माणसाचा जीव घेते. हे मी मालकांच्या मुलाला तीनदा सांगितलं आणि साखळी गुंडाळून दाखवलं.

मालकांना बोनेटवर पितळी पाटी लावायची होती, वडिलांचं नाव आणि साल असलेली. ती लावली. बोनेटच्या आतल्या बाजूला मात्र मी पेंटरकडून पांढऱ्या रंगात वेगळं लिहून घेतलं. मालकांनी ते बघितलं की नाही मला माहीत नाही. बोनेट उघडतो तो मिस्त्रीच.

इंजिन ६९२, १९७९ साली बदललेलं. फायरिंग १-५-३-६-२-४. लायनर नवे, स्टँडर्ड. डायफ्राम शेळीच्या कातड्याचा, तेलात भिजवूनच घालणे. उजव्या चॅसीवरची पट्टी काढू नये. क्रँक १.००. ह्यापुढं माप नाही.